आधी स्प्रिंगा, मग कॅम

वहिनी,

मोटरसायकलच्या इंजिनाचा नवा कॅम आला त्या दिवशी तू साबुदाणा भिजत घालत होतीस. मी खोकं घेऊन थेट स्वयंपाकघरात शिरलो, ओट्यावर ठेवलं आणि तुझ्याच कात्रीने चिकटपट्टी कापली. आत तेलकट कागदात गुंडाळलेले पोलादाचे दोन तुकडे, मुठीत मावतील एवढे. तू ओले हात ओढणीला पुसलेस, एक तुकडा खिडकीशी नेलास, त्याच्या फुगवट्यावरून अंगठा फिरवलास आणि मुलगी बघायला आलेल्या बाईच्या आवाजात म्हणालीस, "नाक जरा जास्तच वर आहे हिचं."

"त्यासाठीच तर मागवलाय. रविवारी बसवून टाकू."

"रविवारी काही बसत नाही. आधी स्प्रिंगा बघायच्या, मग कॅम."

तिथून आपलं भांडण सुरू झालं आणि ते दिवाळी ओलांडून थेट संक्रांतीच्या उत्तरायणापर्यंत चाललं. तुला जाऊन अजून महिना झालेला नाही. भेटायला येणारे विचारतात, वहिनींची कुठली आठवण सगळ्यात जास्त येते? त्यांना वाटतं, मी तुझ्या शाळेबद्दल बोलेन, गणिताला घाबरणाऱ्या मुलींना तू घरी बोलावून शिकवायचीस त्याबद्दल बोलेन. मी म्हणतो, त्या भांडणाची. मग त्यांना पुढे काय विचारावं ते कळत नाही आणि ते चहा पितात.

तू आमच्या घरात आलीस तेव्हा मी अकरावीत होतो. म्हणून तू मला भाऊजी कधी म्हटलंच नाहीस, पहिल्या दिवसापासून नुसतं शेखर. तुझे वडील बडोद्यातल्या प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात होते. क्वार्टर्समधल्या बाकीच्या मुली लंगडी खेळायच्या तेव्हा तू वडिलांशेजारी उकिडवी बसून पाने-पकडी पुसून द्यायचीस. ते गेल्यावर त्यांची साडेतीनशे सीसीची जुनी मोटरसायकल आमच्या अंगणात आली. दादाला आपली स्कूटरच बरी वाटायची. त्यामुळे खंडेराव मार्केटात भाजीला जाताना तू पुढे आणि दादा मागे, मांडीवर पिशव्या घेऊन. लोक वळून वळून बघायचे. दादा म्हणायचा, "बघू देत. मला पडायची भीती नाही, ही चालवतेय."

दादा गेल्यानंतर मी दर रविवारी तुझ्याकडे येऊ लागलो. लोकांना सांगताना मी म्हणायचो, वहिनी एकट्या असतात, जरा सोबत होते. खरं म्हणजे रिफायनरीतून निवृत्त झाल्यावर माझ्याच घरात माझ्याशी बोलायला कुणी उरलं नव्हतं. मुलगा परदेशात आणि माझ्या सुनीताला जाऊन बरीच वर्षं झालेली. कोणाची सोबत कोणाला होत होती हे तुला ठाऊक होतं. तू कधी ते बोलून दाखवलं नाहीस. तू फक्त दर रविवारी गाडीचा एखादा भाग उघडून ठेवायचीस.

आणि हसमुखभाई. त्यांच्याशिवाय ही गोष्ट पुढे जायची नाही. करजणला त्यांचं सुट्या भागांचं दुकान, आणि त्यांच्याकडेही नेमकी तुझ्यासारखीच मोटरसायकल, त्याच वयाची. दिवाळीनंतरच्या एका रविवारी जुन्या मोटरसायकलवाल्यांची टोळी पावागडला जायची. हालोलपर्यंत सगळे रमतगमत, गाठिया खात. मग पायथ्यापासून माचीपर्यंतचा घाट. त्याला शर्यत म्हणायचं नाही असा सगळ्यांचा अलिखित नियम होता. वर आधी कोण पोचलं हे मात्र सगळ्यांच्या लक्षात राहायचं. दरवर्षी हसमुखभाई पोचायचे. तू शेवटचं वळण घेऊन वर आलीस की ते टपरीपाशी ग्लास पुढे करून उभे.

"आवो मालतीबेन! चा ठंडी थई गई, बीजी मंगावुं?"

तू हसून ग्लास घ्यायचीस आणि घरी येईपर्यंत माझ्याशी बोलायची नाहीस.

कॅम आला त्या वर्षी श्रावणात तू मला हात दाखवलास. अंगणात बसलो होतो. तू डावा हात गुडघ्यावर उताणा ठेवलास आणि म्हणालीस, "बघ." बोटं आपली आपण हलत होती, हळूहळू, जणू कुणीतरी मण्यांची माळ ओढतंय.

"कधीपासून?"

"झाले काही महिने. डॉक्टर म्हणतात कंपवाताची सुरुवात आहे. गोळ्यांनी आटोक्यात राहील म्हणाले. किती दिवस, ते नाही म्हणाले." मग तू हात उलटा केलास. "क्लचचा हात आहे रे हा."

पुढे तूच म्हणालीस, "एकदा, फक्त एकदा त्या माणसाच्या आधी वर पोचायचंय मला. मग गाडीवर चादर घातली तरी चालेल."

म्हणून मी कॅम मागवला. आता तुला कळेल मी इतका उतावीळ का होतो. दिवाळी तोंडावर आली होती आणि तुझा हात माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

तू मात्र शांत होतीस. मला समोर बसवून फळ्यावर समजावल्यासारखं समजावलंस. कॅम वॉल्व्ह उघडतो. बंद करणं हे काही त्याचं काम नाही, ते स्प्रिंगचं काम. नवा कॅम वॉल्व्ह जास्त उघडणार, जास्त वेळ उघडा ठेवणार, म्हणजे इंजिन जास्त जोरात फिरणार. आणि बाबांच्या वेळच्या थकलेल्या स्प्रिंगा तो वेळेत मागे ओढू शकल्या नाहीत तर वॉल्व्ह मधेच लोंबकळत राहील. खालून पिस्टन वर येतोय. "मग काय होतं?" असं म्हणून तू एका मुठीवर दुसरा तळवा आपटलास. "ठप्प. तेही घाटात."

"पण वेळ कुठे आहे, वहिनी?"

बोलून गेलो आणि जीभ चावली. तू माझ्याकडे बघितलंस. चिडली नाहीस.

"वेळ कमी आहे म्हणूनच म्हणते. दुसऱ्यांदा खोलायला मिळणार नाही मला."

मग आपण इंजिनावरचं हेड उतरवलं. स्प्रिंगा काढल्या, रॉकेलने धुतल्या, वर्तमानपत्रावर मांडल्या. दिसायला चांगल्या होत्या. मी म्हणालो, "काय वाईट आहे ह्यांच्यात?" तू आंघोळीच्या खोलीतला वजनकाटा आणलास, माझ्या ड्रिलच्या स्टँडखाली ठेवलास, त्यावर स्प्रिंग उभी केलीस आणि मला दांडा खाली ओढायला लावलास. ठरलेल्या उंचीपर्यंत दाबली की काट्याने जेवढं दाखवायला हवं, त्याच्या बरंच अलीकडे तो थांबला.

"काटाच खोटा असेल," मी म्हणालो.

तू स्प्रिंग बाजूला केलीस, काटा जमिनीवर ठेवून स्वतः वर उभी राहिलीस, खाली वाकून आकडा वाचलास.

"काटा अगदी खरा आहे, दुर्दैवाने."

आपण दोघं किती हसलो होतो! शेजारच्या जयाबेन कुंपणावरून डोकावल्या. त्यांना वाटलं कुणीतरी आलंय.

त्यानंतर मी हट्टाला पेटलो. मला मिळतील तेवढ्या कडक स्प्रिंगा हव्या होत्या. शर्यतीच्या गाड्यांना लावतात त्या. म्हटलं, बदलायच्याच आहेत तर मग कसर कशाला? तू म्हणालीस, पुरेशी कडक हवी, उगाच कडक नको. गरजेपेक्षा जास्त दाब आला तर तो दाब कॅमच्या नाकावरच बसणार, पुशरॉडवर बसणार, नवा कॅम महिन्यात झिजणार. मी म्हणालो, तू घाबरतेस. तू म्हणालीस, तुला जाहिराती वाचायची सवय लागलीय. आवाज चढले. पुढच्या रविवारी मी आलोच नाही.

दुपारी तुझा फोन आला. "शेखर, वडे केलेत. स्प्रिंगांबद्दल एक शब्द बोलणार नाही."

मी आलो. पहिला वडा तोंडात घातला आणि तू सुरू केलंस, "तर स्प्रिंगांचं असं आहे..."

मी हरलो, पण वडे चांगले झाले होते.

आता तशा स्प्रिंगा मिळायच्या कुठे? सगळ्या बडोद्यात विचारून झालं. ज्याने त्याने एकच नाव सांगितलं. तू आधी म्हणालीस, "त्या माणसाच्या दुकानात मी पाय ठेवणार नाही." तिसऱ्या दिवशी सकाळी पर्स घेऊन माझ्या गाडीत येऊन बसलीस. "चल. पण कॅमचं नाव काढायचं नाही."

करजणच्या बाजारात, पंप आणि पट्ट्यांच्या गर्दीत त्यांचं दुकान. हसमुखभाई तुला बघून उभेच राहिले. पंखा आपल्याकडे वळवला, शेव-बुंदीची बशी पुढे सरकवली. तुम्ही दोघं वर्षानुवर्षं असंच बोलत आलात, ते गुजरातीत, तू मराठीत, आणि कुणाचं काही अडलं नाही. त्यांनी जुनी स्प्रिंग तळहातावर घेतली, अंगठ्याने दाबून बघितली.

"थाकी गई छे बिचारी," ते म्हणाले. मग सहज विचारल्यासारखं, "कॅम कयो नाख्यो?" कॅम कुठला घातला, म्हणजे.

मी पंख्याकडे बघायला लागलो. तू बशीतली बुंदी वेचायला लागलीस. त्यांनी एकदा तुझ्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि त्यांच्या मिश्या हलल्या. मग ते दुकानात मागे गेले. येताना स्प्रिंगांबरोबर स्प्रिंगवर बसणाऱ्या टोप्या आणि त्या टोप्यांना वॉल्व्हवर धरून ठेवणारे छोटे लॉकही घेऊन आले. वॉल्व्ह जास्त खाली जाणार म्हणजे जुनी टोपी खालच्या नळीवर आदळेल, तेव्हा ही घ्या, असं त्यांनी समजावलं. तू मुकाट्याने ऐकून घेतलंस. तुझ्याही मनात टोपीचं नव्हतं आलेलं, माझ्याही नाही.

निघताना ते पायरीपर्यंत आले.

"हराववुं होय तो सरखुं हरावो, बेन." हरवायचंच तर नीट हरवा. रस्त्यात इंजिन फुटलेली बाई हरली तर त्यात मला काय मजा?

हायवेवर पोर गाव मागे पडल्यावर म्हणालीस, "माणूस वाईट नाही, शेखर. नुसता चिडवतो फार."

पुशरॉडच्या बाबतीत मात्र माझं खरं निघालं. खालच्या कॅमची हालचाल वर वॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरपर्यंत नेणाऱ्या त्या दोन दांड्या. तू म्हणालीस, बाबांनी स्वतः निवडून घातलेल्या आहेत, त्यांना काही होत नाही. मी तुझ्या कपाटाची आरशाची काच उतरवून पलंगावर आडवी ठेवली आणि दांडी तिच्यावर लोटली. एक सरळ गडगडत गेली. दुसरी लंगडत गेली. परत लोटली, परत लंगडली. काचेत तिच्याखाली उजेडाची फट दिसायची, मग बंद व्हायची.

तू ती दांडी हातात घेतलीस आणि पलंगाच्या कडेला बसलीस.

"स्प्रिंगा बाबांच्या गेल्या. टोप्या गेल्या. कॅम जाणार. आता ह्याही. मग बाबांची गाडी म्हणून उरलं काय, शेखर?"

मी म्हटलं, "दादा मागे बसून म्हणायचा ना, ही चालवतेय."

तू डोळे पुसलेस आणि म्हणालीस, "भलतंच बोलतोस. नवीन आण जा." पण आवाज ठीक होता. त्या संध्याकाळी तू बाबांबद्दल खूप बोललीस. वर्कशॉपातून आल्यावर ते आधी साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे आणि मगच तुला उचलून घ्यायचे. दादालाही कधी सांगितलं नव्हतंस ते, असं म्हणालीस.

आणि कणीक! वहिनी, ती आठवण मी सगळ्यांना सांगतो. कॅम तात्पुरता बसवून पिस्टन आणि वॉल्व्ह यांच्यात किती जागा राहते ते बघायचं होतं. पिस्टनवर मऊ काहीतरी ठेवायचं, हेड बसवायचं, इंजिन हाताने सावकाश फिरवायचं, परत उघडायचं आणि दाबून किती जाडी उरली ते मोजायचं. मुलांच्या खेळण्यातली माती हवी. घरात माती नाही. तू म्हणालीस, "कणीक आहे." पोळ्यांसाठी मळलेल्या गोळ्यातून लिंबाएवढा तोडलास आणि पिस्टनवर थापलास. मी मागचं चाक हाताने फिरवत होतो. उघडून बघतो तर कणीक वॉल्व्हला चिकटून वर गेलेली, मधे तार सुटलेली, अर्धी सिलिंडरच्या भिंतीला. नेमकी तेव्हाच पुण्याहून आलेली तुझी मुक्ता दारात उभी.

"आई, हे काय आहे?"

"पोळी लाटतेय," तू म्हणालीस.

मुक्ताने बॅग खाली ठेवली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून मातीच्या कांड्यांचं पाकीट आणून दिलं. दुसऱ्या खेपेला वॉल्व्हला तेलाचं बोट लावलंस, माती छान दबली, ब्लेडने कापून मोजली. जागा पुरेशी होती. तू ती निळी माती तळहातावर घेऊन अशी बघत होतीस, जणू खव्याची वडी जमून आलीय.

तोवर दिवाळी होऊन गेली होती. टोळी पावागडला जाऊन आली. आपली गाडी अंगणात उघडीच होती. त्या रविवारी मी तुझ्याकडे यायला घाबरत होतो. वाटलं, तू रडत असशील. तू हॉलमध्ये बसून रॉकरची तोंडं बारीक पॉलिशपेपरने घासत होतीस आणि रेडिओ लावला होतास. "बरं झालं," म्हणालीस. "त्या गर्दीत नकोच होतं मला."

सगळ्यात शेवटी ते लॉक. दाण्याएवढे दोन अर्धगोल, स्प्रिंग दाबून धरायची आणि ते वॉल्व्हच्या खाचेत बसवायचे. ह्याच कामात तुझा हात खरा आडवा आला. तू एकदा प्रयत्न केलास, लॉक उडून तुळशीत गेला. दुसऱ्यांदा केलास. तिसऱ्यांदा हात मागे घेतलास आणि नुसती बघत राहिलीस त्याच्याकडे. मी म्हणालो, "मला जोर लावता येत नाही, माझी कंबर गेलीय. तू दाबून धर, मी बसवतो." कंबर तशी बरी होती. तू स्प्रिंग दाबायच्या हत्यारावर अख्खं वजन टाकलंस, मी चिमट्याच्या टोकाला ग्रीस लावून एकेक लॉक आत सरकवला. शेवटचा खाचेत टक्‌कन बसला तेव्हा तू खात्री करायला विचारलंस, "चोक्कस?" मी म्हणालो, "चोक्कस."

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हाचा आवाज आठवतो ना? धडधडीत जरा अडखळ होती, जणू गाडी मधेच काही आठवून थांबतेय. जयाबेन म्हणाल्या, बिघडली वाटतं. तू म्हणालीस, "नाही हो, सुधारली."

उत्तरायण झालं, झाडांवरचा आणि तारांवरचा मांजा निघून गेला, रस्ते दुचाकीला धोक्याचे राहिले नाहीत, आणि हसमुखभाईंचा फोन आला. दिवाळीला वर तुमच्याशिवायच चहा प्यावा लागला, गोड लागला नाही, तेव्हा आता नुसतं आपण दोघं जाऊ. मधल्या वारी, सकाळी, घाटात गर्दी नसते.

मी आणि मुक्ता माझ्या गाडीने आधी वर जाऊन टपरीपाशी उभे राहिलो. मुक्ता हे बघायला पुण्याहून परत आली होती. हवा गार होती. टपरीवाल्याने स्टोव्ह पेटवला होता, एक कुत्रं उन्हात येऊन पसरलं होतं. बराच वेळ काहीच ऐकू येईना.

"काका, आईला काही झालं तर मी तुला सोडणार नाही," मुक्ता म्हणाली.

"मला तरी कुठे सुटायचंय," मी म्हणालो. मी मनात एकेक भाग परत तपासत होतो. टोप्या, लॉक, दांड्या, जागा.

मग खालून आवाज आला. दोन इंजिनं, एकमेकांत मिसळलेली. वळणाआड गेली की विझायची, परत जवळ यायची. कोण पुढे ते कळायला मार्ग नाही. मुक्ताने माझा दंड धरला. शेवटच्या वळणाच्या आधी एका इंजिनाचा सूर चढत गेला, जिथे जुनी गाडी थरथरून माघार घ्यायची तिथून पुढे चढत गेला, स्वच्छ, न अडखळता. आणि वळणावर तुझं लाल हेल्मेट दिसलं.

तू आमच्यापाशी थांबायला गेलीस आणि क्लच दाबायला डाव्या हाताने साथ दिली नाही. गाडी गचका खाऊन बंद पडली. मी धावत येऊन हँडल धरलं. तू खाली उतरलीस ती हसतच, काच वर करून, तोंडातून शब्द फुटत नव्हता इतकी हसत होतीस. मुक्ता तुला मिठी मारून रडत होती आणि तू तिच्या पाठीवर थोपटत मला खुणावत होतीस: चहा, चहा सांग लवकर!

हसमुखभाई आले तेव्हा तू ग्लास पुढे धरून उभी होतीस. हात हलत होता, अर्धा चहा तुझ्याच मनगटावर सांडत होता.

"या हसमुखभाई. चहा गार झाला. दुसरा सांगू?"

त्यांनी हेल्मेट काढलं, ग्लास दोन्ही हातांनी घेतला आणि उभ्या उभ्या संपवला.

तो दिवस आपला होता, वहिनी. पण तिथूनच दुसरा वाद सुरू झाला. हसमुखभाईंनी सगळ्या टोळीला सांगितलं, बेनने नवा कॅम घातलाय, माझी जुनी गाडी काय करणार! ज्याला त्याला तेच पटलं. आणि मलाही पटलं. मीच मागवलेला कॅम, मीच बसवलेले लॉक. तुला ते लागलं. तू म्हणायचीस, "वळणं मी घेतली. ब्रेक कुठे लावायचा नाही ते मी ठरवलं. कॅमला डोळे असतात का?" मी म्हणायचो, "गेली कित्येक वर्षं डोळे तेच होते, मग आधी का नाही पोचलीस?" तू चिडून उठून जायचीस आणि येताना माझ्यासाठी काहीतरी खायला घेऊन यायचीस. तू नंतरही वर्षभर गल्लीतल्या गल्लीत गाडी चालवलीस. हात गेला, तशी नुसती सुरू करून आवाज ऐकत बसायचीस. वाद मात्र चालू राहिला.

दवाखान्यातही तोच. छातीत कफ भरला होता, बोलताना धाप लागत होती, तरी मला जवळ बोलावून म्हणालीस, "शेखर, आता तरी मान्य कर."

"कॅम, वहिनी," मी म्हणालो.

तू हसलीस, हसताना खोकलीस आणि सिस्टरने मला बाहेर काढलं. तुला तेव्हा सांगता आलं नाही, ते आता सांगतो. त्या क्षणी मी काहीही मान्य केलं असतं. पण मान्य केलं असतं तर मला काय भीती वाटतेय ते तुला कळलं असतं. भांडत राहिलो, म्हणजे पुढचा रविवार आहे असं आपल्या दोघांनाही वाटत राहिलं.

परवा हसमुखभाई तुझ्या घरी आले. तेराव्याला टोळीबरोबर येऊन गेले होते, पण तेव्हा बोलले नव्हते. या वेळी एकटे आले, मोटरसायकलवर. अंगणात तुझ्या गाडीशेजारी लावली. पाणी प्यायले, तुझ्या फोटोसमोर जरा वेळ बसले. मग मला बाहेर घेऊन गेले आणि स्वतःची गाडी सुरू केली. खाली वाकून सायलेन्सरच्या तोंडात आवाज लपवायला कोंबलेली लोखंडी जाळी पक्कडीने ओढून काढली. आवाज मोकळा झाला, आणि मी बघतच राहिलो. तीच अडखळ. मधेच काही आठवल्यासारखी तीच धडधड.

"त्या दिवशी तुम्ही दुकानात आलात ना," ते म्हणाले, आणि ह्या वेळी मराठीत म्हणाले, त्यांच्या मोडक्या मराठीत, "मी समजून गेलो. स्प्रिंगाची दुसरी जोडी माझ्यासाठी काढून ठेवली. कॅम पण मागवला. तुमच्यासारखाच. दिवाळीला तुम्ही नाही आले, मला टाइम भेटला. सगळं बसवलं. मग मीच फोन केला. मला वाटलं, बेन कॅम घालून येईल, आणि तरी मी जिंकणार."

"आणि तुम्ही तिला मुद्दाम पुढे सोडलं नाहीत? जरासुद्धा?"

"सोडेल कोण, शेखरभाई? हनुवटी टाकीला लावली होती मी. एकेक वळणावर बेन पुढे जाय. ते बघतच राहिलो." त्यांनी इंजिन बंद केलं. "पण सारखा कॅम घालून हरलो, असं टोळीत कोणत्या तोंडाने सांगणार? म्हणून बोललो, बेनचा कॅम नवा छे. बेनला एकदा सांगायचं होतं. दर वेळी वाटे, पुढच्या वेळी सांगू."

ते डोळे पुसत होते आणि मला हसू आवरत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे चमकून बघितलं, मग तेही हसायला लागले. जयाबेन कुंपणावरून डोकावल्या. दुःखाच्या घरात दोन म्हातारे मोटरसायकलींजवळ उभे राहून पोट धरून हसताहेत, त्यांना काय वाटलं असेल देव जाणे.

मी त्यांना म्हटलं, तुम्ही नका काळजी करू, वहिनीला मी सांगतो.

तर हे सांगायला लिहिलं. कॅम दोघांचाही तोच होता. स्प्रिंगा एकाच दुकानातल्या. वजनाने तर तू त्यांच्यापेक्षा चांगलीच जास्त होतीस, तुझा काटाच साक्षीला आहे. मी सगळ्या बाजूंनी विचार करून बघितला, दुसरं काही कारण सापडत नाही.

मान्य, वहिनी. तू जिंकलीस, कॅम नाही.

तुझा,
शेखर